कॉम्प्युटरला घाम फुटला

आप्पांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून "याला कणकण आहे" असं निदान केलं, तेव्हा त्यांची मुलगी ठिणगी घरात नव्हती. असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या सोमवारी सकाळी ती रंग आणि कागद आणायला बाहेर गेली होती, आणि घरात आप्पांना अडवणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे आई होती. पण आईने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आप्पांना अडवणं सोडून दिलं होतं. ("अडवलं की तेच काम करायला दुप्पट वेळ लावतात," असं तिचं म्हणणं.)

आप्पा एकतीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर होते. सफरचंदं आणि बटाटे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते : थंडीत ठेवलेल्या, आणि अजून थंडीत न ठेवलेल्या. टॉर्चचे सेल फ्रिजमध्ये, गोंदाची बाटली फ्रिजमध्ये, मेणबत्त्या फ्रिजमध्ये. एकदा तर शोधशोध शोधून ठिणगीचा चष्मा अंड्यांच्या शेजारी सापडला होता. ("काच आहे. काचेला काय होतंय?")

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, हीटरपासून हातभर अंतरावर असायचा. गेले काही दिवस त्याचा पंखा घरघरत होता. आप्पांनी आधी हात लावला, मग कान लावला, मग स्टुलावर चढून कपाटावरचं कॉम्प्युटरचं रिकामं खोकं उतरवलं. (या घरात खोकी टाकत नसत. वस्तू मोडून भंगारात जायची, खोकं राहायचं.) खोक्यावर छापलं होतं : थंड व कोरड्या जागी ठेवावे.

आता ही सूचना बंद खोकं गोदामात ठेवणाऱ्यांसाठी होती, हे कोणालाही कळलं असतं. आप्पांनाही कळलं. गोदामात माल ठेवणारा माणूस म्हणजे आपणच, असं त्यांना कळलं.

ठिणगी परत आली तेव्हा टेबल रिकामं होतं. धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

"आप्पा, कॉम्प्युटर कुठाय?"

"मागच्या खोलीत. आराम पडलाय त्याला."

"आराम? तो काय माहेरी आलाय?"

"घरघर थांबली की नाही ते बघ आधी. मग बोल."

मागची खोली उत्तरेकडची. तिथे हीटर नव्हता, म्हणून हिवाळ्यात तिथे कोणी राहत नसे. फक्त जुन्या बॅगा, हवा गेलेली सायकल आणि बटाट्यांचं पोतं. आप्पांनी सायकलशेजारी टेबल लावून त्यावर कॉम्प्युटर मांडला होता, खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती आणि भिंतीवर खिळा ठोकून आपला कोल्ड स्टोरेजमधला थर्मामीटर टांगला होता. त्याच्याखाली सुतळीने बांधलेली वही आणि पेन्सिल.

"चार अंश," आप्पा दाखवत म्हणाले. "सफरचंदांनासुद्धा याहून चांगलं मिळत नाही."

"आप्पा, पण त्याच्यासमोर मी बसते! मी सफरचंद नाहीये!"

"तू स्वेटर घाल. त्याला घालता येत नाही."

ठिणगीने चिडून कॉम्प्युटरला कान लावला. पंख्याची घरघर खरोखरच थांबली होती. कॉम्प्युटर गार खोलीत मांजरासारखा शांत बसून काम करत होता. आप्पा चुकले की तिला राग यायचाच, पण बरोबर निघाले की जास्त यायचा.

खरं तर वाद घालायला तिला वेळ नव्हता. शाळांसाठी नकाशासंग्रह छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेला नकाशे काढणारं माणूस हवं होतं. चाचणी अशी : अस्तित्वात नसलेल्या एका बेटाचे सहा नकाशे स्वतःच्या कल्पनेने काढायचे आणि गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचे. पाच वाजून एक मिनिटाने आलेलं काम उघडलं जाणार नव्हतं, असं जाड अक्षरांत लिहिलेलं होतं. ठिणगीचा हा अकरावा अर्ज. आधीच्या दहा जणांनी "अनुभव हवा" असं कळवलं होतं. अनुभव हा शब्द म्हाताऱ्या माणसांनी तरुणांना दाराबाहेर उभं करण्यासाठीच शोधून काढलाय, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती. सहापैकी चार नकाशे झाले होते. आप्पांशी भांडून कॉम्प्युटर पुन्हा बाहेर मांडायचा म्हणजे अर्धा दिवस गेला असता.

"गुरुवारपर्यंत," ती दात आवळून म्हणाली. (थंडीनेही आवळले होते.) "फक्त गुरुवारपर्यंत."

मग ती कानटोपी, दोन स्वेटर, मांडीवर गरम पाण्याची पिशवी अशा थाटात बेट काढायला बसली. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा तिने कपाटातून आप्पांचे हातमोजे काढले. आतून लोकर, बाहेरून चामडं. निवृत्तीच्या दिवशी कोल्ड स्टोरेजच्या सगळ्या हमालांनी मिळून दिलेले. ऊब छान होती. पण तेवढ्या जाड बोटाने उत्तर किनाऱ्याची रेघ नीट करताना माउस घसरला आणि सरळसोट किनाऱ्यात एक वाकडीतिकडी, खोल खाच पडली. ती पुसायला गेली तर जाड बोट एकाच वेळी तीन बटणांवर पडलं, आणि सहाही नकाशांखाली एकच किनारा असल्याने कॉम्प्युटरने ती खाच सगळ्यांत इमानेइतबारे सेव्ह केली.

ठिणगीने खाचेकडे पाहिलं. थर्मामीटरकडे पाहिलं. मग खाचेच्या तोंडाशी बारीक निळ्या अक्षरांत लिहिलं : आप्पांचं आखात. एवढं केल्यावर तिला जरा बरं वाटलं. आखात शेवटच्या दिवशी बुजवू, असं तिने ठरवलं, आणि स्वयंपाकघरातली कात्री आणून हातमोज्यांची दहाही टोकं कापून टाकली.

संध्याकाळी चहाच्या वेळी आप्पांनी हातमोजे उचलले. एका भोकातून खिडकीकडे पाहिलं.

"याची बोटं कुठायत?"

"कापली. नाहीतर काम कसं करणार?"

हातमोजे घडी घालून आप्पांनी परत तिच्या खुर्चीवर ठेवले. चांगले ओरडले असते तर ठिणगीला उलट ओरडता आलं असतं. आता ते ओरडणं रात्रभर तिच्याच पोटात राहिलं.

"आणि त्या नकाशांची एक प्रत काढून ठेव कुठेतरी," आई म्हणाली.

"आई, संपल्यावर एकदम काढते गं. अर्धवट कामाच्या प्रती काय काढायच्या?"

या घरातल्या सगळ्यांना सगळ्यातलं कळतं, असा सुस्कारा टाकून ती मागच्या खोलीत गेली.

गुरुवार उजाडला तोच कडाक्याचा. थर्मामीटर दोनवर. ठिणगीने बटण दाबलं तर कॉम्प्युटर उठेचना. आधी आतून कुरकुर आली, मग पडदा असा सावकाश उजळला, जणू एखादा म्हातारा उशीखाली चष्मा शोधतोय. सगळं चालू व्हायला दहा मिनिटं लागली. तिला शिंकांवर शिंका येत होत्या. शेवटच्या नकाशातली नावं तेवढी राहिली होती.

"बास. मी याला स्वयंपाकघरात नेते," तिने कॉम्प्युटर बंद करत जाहीर केलं.

आप्पा केस कापायला निघाले होते. मफलरची गाठ मारता मारता थांबले.

"नेऊ नकोस. आणि नेलासच तर जाड चादरीत गुंडाळून अर्धा दिवस तसाच ठेव. उघडायचा नाही, चालू करायचा नाही. थंडीतला माल एकदम उबेत आणला की त्याला घाम फुटतो."

"आप्पा, हा माल नाहीये! कॉम्प्युटर आहे! तुम्ही एकतीस वर्षं बटाटे सांभाळलेत!"

"सफरचंदंसुद्धा," आप्पा म्हणाले आणि गेले.

दार लागल्याबरोबर ठिणगीने वायरी उपटल्या. स्वयंपाकघर म्हणजे स्वर्ग होता. शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, वर दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते, खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या. तिने कॉम्प्युटरचा बर्फासारखा गार डबा टेबलावर आणून ठेवला आणि पडदा, कीबोर्ड आणायला परत गेली. येऊन पाहते तर आई डब्याकडे टक लावून उभी.

"अगं, हा रडतोय का?"

डब्याच्या चारी बाजूंनी पाण्याचे ओघळ लागले होते.

"पातेल्याची वाफ आहे ती," ठिणगी म्हणाली. नॅपकिनने तिने डबा बाहेरून खसाखसा पुसला. आत काय चाललं असेल, हा विचार तिच्या मनात आला नाही. कारण तो विचार करायला थांबावं लागलं असतं. तिने वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

टक्.

निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. काही नाही. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. पातेल्यातलं पाणी तेवढं खदखदत राहिलं. साडेदहा वाजले होते, आणि सहा नकाशे, नऊ दिवसांचं काम, अकरावा अर्ज, सगळं त्या गप्प पडलेल्या डब्यात होतं.

समोरच्या गल्लीत रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं उघडणारा एक दुरुस्तीवाला होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो कोणत्याही यंत्राबद्दल आधी "कधीपासून होतंय?" असं विचारायचा. ठिणगी त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. त्याने चार स्क्रू काढून झाकण उचललं. आत हिरव्या पट्टीवर दव पडल्यासारखे बारीक थेंब चमकत होते.

"कुठे होता हा?"

"मागच्या खोलीत. दोन अंशांत."

"आणि आणलात इथे. या वाफेत." डॉक्टरने चष्मा कपाळावर चढवला. "थंडीने याला काही झालेलं नाही. थंडी याला मानवते. पण गार वस्तू दमट उबेत आली की हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. आतबाहेर. बटण किती वेळा दाबलंत?"

"एकदा."

"पाच वेळा," आई म्हणाली.

"नशीब समजा. याने स्वतःला बंद करून घेतलंय. तुमच्यापेक्षा शहाणा आहे." मग त्याने पंख्यामागे चिमटा घातला आणि मांजराच्या पिल्लाएवढा धुळीचा गोळा बाहेर काढला. "हा घरघरत होता का?"

"हो. म्हणून तर आप्पांनी..."

"तो या धुळीने घरघरत होता. कॉम्प्युटर साफ कोण करतं तुमच्याकडे?"

आई दोरीवरच्या कपड्यांकडे बघायला लागली. साफसफाईचं काम दोन वर्षांपासून ठिणगीकडे होतं. तिने स्वतःच मागून घेतलं होतं. ("तुम्ही लोक हात लावू नका, मोडाल.")

"आता चालू कधी होईल?" ठिणगीने विषय बदलला.

"पूर्ण वाळू द्या. उद्या सकाळी दाबा बटण."

"आज पाचच्या आत पाठवायचंय!"

"मग चारच्या आधी हात लावू नका. वाळला असेल तर चालू होईल. नसेल तर जळेल."

"आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर?"

"तिलाही घाम आहे."

"हेअर ड्रायर मारला तर?"

"मारा. मग मला बोलवू नका." डॉक्टर स्क्रू वाटीत ठेवत म्हणाला, "कमाल आहे पण. ही गोष्ट फळवाल्यालासुद्धा ठाऊक असते हो. घरात कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

नेमकं तेव्हाच दार वाजलं. आप्पा आत आले. केस बारीक कापलेले, त्यामुळे कान नेहमीपेक्षा मोठे दिसत होते. त्यांनी उघडा डबा पाहिला, थेंब पाहिले, धुळीचा गोळा पाहिला, ठिणगीचा चेहरा पाहिला. ठिणगी पुढचं वाक्य ऐकायला तयार होऊन उभी राहिली. चौदा-पंधरा उत्तरं तिने जिभेवर मांडून ठेवली.

"दोन अंशांवरून किती अंशांवर आणलास?" आप्पांनी विचारलं.

एकाही उत्तरात हे बसत नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आप्पांनी कोट काढला. उघडा डबा अलगद बाहेरच्या खोलीत नेला, हीटरपासून लांब, दोन जाड पुस्तकांवर टेकवून ठेवला. कोपऱ्यात छोटा पंखा मंद लावला, तोही लांबून. शेजारी थर्मामीटर उभा केला आणि वही ठिणगीच्या हातात दिली.

"दर अर्ध्या तासाने तापमान लिहायचं. तू."

"त्याने काय होतं?"

"मालाला काही होत नाही. माणसाचा हात बटणापासून लांब राहतो."

ठिणगीने आयुष्यात बऱ्याच गोष्टी केल्या होत्या, पण काही न करणं तिने कधी केलं नव्हतं. साडेअकराला तिने लिहिलं : १६. बाराला : १७. एकला तिने डब्यात डोकावून फुंकर मारायला गाल फुगवले, तर मागून आवाज आला, "तोंडातही वाफच असते." तिने गाल सोडून दिले. जेवण झालं. दोन वाजले. आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. झोपल्यावर त्यांचं तोंड उघडं पडायचं.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "तुमच्याकडे कधी असं झालंय?"

"झालंय की. पहिल्याच वर्षी. सफरचंदांचा ट्रक होता, तीनशे पेट्या. बाहेर काढून तशाच भर उन्हात उघडल्या मी. सगळ्या पेट्या भिजल्या, पुठ्ठ्यांचा लगदा झाला. बाजारात पोचेपर्यंत निम्मा माल खराब."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पण मी तेवीस वर्षांचा होतो, आणि सांगणारा म्हातारा होता."

"केवढा म्हातारा?"

आप्पांनी आठवून पाहिलं. "असेल अडतीस-चाळीसचा."

ठिणगीला हसू आलं. ते लपवायला तिने वहीत लिहिलं : १९. अजून अडीच व्हायचे होते, पण तिने लिहिलं.

चारला ती बटणापाशी जाऊन उभी राहिली. आप्पांनी हाताच्या मागच्या बाजूने डब्याचा पत्रा चाचपला, आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारली (सेल गारेगार होते), आणि म्हणाले, "अजून वीस मिनिटं."

"आप्पा!"

"वीस."

ती वीस मिनिटं ठिणगीने घड्याळाच्या काट्याला नजरेने ढकलत काढली. आई शेजारी येऊन बसली आणि तिने ठिणगीचा हात स्वतःच्या हातात घेतला. प्रेमाने, असं ठिणगीला वाटलं. पण पकड घट्ट होती.

"आता दाब," आप्पा म्हणाले. "एकदाच."

तिने दाबलं. निळा दिवा लागला. लुकलुकला. आणि राहिला. आतून बारीक गुणगुण सुरू झाली. पडद्यावर बेट आलं, सहाच्या सहा नकाशांसकट. आईने देवाचं नाव घेतलं, आप्पांनी थर्मामीटर उचलला, आणि ठिणगीने धडाधड उरलेली नावं भरून चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी काम पाठवून दिलं. मग तिने पहिल्यांदा प्रत काढली. मग आणखी एक. तिसरी आईकडे दिली.

काहीतरी करायचं राहिलं, असं तिला जेवताना वाटत होतं. पण काय ते आठवलं नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. कॉम्प्युटर आता बाहेरच्याच खोलीत होता, हीटरपासून चार हात लांब, आणि दर दोन दिवसांनी ठिणगी ब्रश घेऊन त्याची धूळ काढत होती. पत्र उघडायचा तिला धीर होईना. शेवटी आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"'आपले नकाशे नीटनेटके आहेत. मात्र बेटाचे किनारे पट्टीने आखल्यासारखे वाटतात. ते पाहून असे बेट कोठे असेल यावर विश्वास बसत नाही.'"

ठिणगीने डोळे मिटले. अकरावा.

"'याला एकच अपवाद आहे. उत्तर किनाऱ्यावरील आप्पांचं आखात.'"

ठिणगीने डोळे उघडले. काय राहिलं होतं ते तिला आत्ता आठवलं.

"कुणाचं आखात?" आप्पांनी विचारलं.

"आप्पांचं," आईने पुन्हा, सावकाश वाचलं. "'या आखाताची ओबडधोबड रेषा खऱ्या किनाऱ्यासारखी आहे. अशी रेषा सहजासहजी काढता येत नाही. तिच्यामागे अनुभव लागतो. केवळ या आखातामुळे आम्ही आपली निवड करीत आहोत.'"

अनुभव हा शब्द खोलीच्या मधोमध येऊन बसला होता, आणि ठिणगीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"उत्तरेला आहे ना ते?" आप्पांनी विचारलं.

"हो," ठिणगी पुटपुटली.

"मग थंड असेल," आप्पा समाधानाने म्हणाले.

"थांबा, अजून आहे," आई म्हणाली. "'सोमवारी सकाळी नऊ वाजता रुजू व्हावे. सूचना : यंत्रे तापू नयेत म्हणून आमची नकाशांची खोली वर्षभर थंड ठेवलेली असते. काम करणाऱ्यांनी गरम कपडे सोबत आणावेत.'"

ठिणगीने आईच्या हातातून पत्र घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि ती ओळ स्वतः वाचली. ओळ तीच होती.

आप्पा उठले. कपाटापाशी गेले. परत येऊन त्यांनी दहा बोटांची टोकं नसलेले हातमोजे तिच्यासमोर टेबलावर ठेवले.

"घेऊन जा," ते म्हणाले. "बोटं तू आधीच कापलेली आहेस."